क्रुगरमधली शेवटची सकाळ: बिबट्या शोधावा की निघावं?

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याची सुट्टी, चौघांचं कुटुंब, भाड्याची साधी गाडी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमधला शेवटचा मुक्काम लोअर साबी कॅम्पमध्ये. त्याच रात्री जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावरून परतीचं विमान. सिंह, हत्ती, गेंडे, रानम्हशी पाहून झाल्या, बिबट्या तेवढा राहिला. मग शेवटच्या सकाळी स्कुकुझा कॅम्पच्या रस्त्याला बिबट्या शोधत फिरावं, की निवांत नाश्ता करून क्रोकोडाइल ब्रिज गेटने बाहेर पडावं?

मी सांगेन, सगळं सामान डिकीत टाकून पहाटे गेट उघडताच निघा. पहिला तास-सव्वा तास बिबट्याला द्या आणि उरलेली सकाळ बाहेर पडायच्या रस्त्यावर घालवा. खोली आवरायला म्हणून कॅम्पवर परत यायचं नाही. बहुतेकांची शेवटची सकाळ वाया जाते ती याच एका कारणाने. चेक-आउट दहाला असतं. सामान खोलीत ठेवून लोक सहाला फिरायला निघतात, चेक-आउटच्या धास्तीने साडेआठलाच माघारी वळतात, मग बॅगा भरा, पोरांना आंघोळी घाला, चार्जर शोधा, असं करत दहा वाजतात. जंगल जागं असतानाचे दीड-दोन तास खोलीत जातात, आणि उन्हं चढल्यावर गेटपर्यंतचा रस्ता घाईघाईत, काहीही न बघता कापला जातो. वास्तविक तो रस्ता क्रुगरमधल्या चांगल्या रस्त्यांपैकी एक आहे.

आता हिशेब उलटा, विमानापासून मागे करत या. विमान रात्री नऊ-दहाचं धरू. म्हणजे सहाच्या सुमारास विमानतळावर हवं, आणि त्याआधी टाकी भरून गाडी परत द्यायची. क्रोकोडाइल ब्रिज गेटपासून विमानतळ सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पण जेवण, टोलनाके, कुठे काम चालू असेल तर तिथला खोळंबा, हे धरून सहा तास हाताशी ठेवा. शिवाय मे म्हणजे तिकडचा हिवाळा, साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अनोळखी शहराच्या हायवेवर अंधारात शिरण्यापेक्षा उजेडात पोहोचलेलं बरं. म्हणजे वाटेतल्या अडचणींसाठी एक तास राखून, गेटमधून बाहेर सव्वादहा, अगदी ताणलं तर साडेदहा. ही वेळ एका कागदावर लिहून डॅशबोर्डवर ठेवा, कारण समोर सिंह बसलेला असताना घड्याळाचं कुणी ऐकत नाही.

आदल्या संध्याकाळची कामं उरकून ठेवा. कॅम्पमधल्या पंपावर टाकी भरा, काच आतून-बाहेरून पुसून घ्या, आणि किल्ली पहाटे कुठे द्यायची हे रिसेप्शनला विचारून ठेवा. आत येताना मिळालेलं परमिट शोधून हाताशी ठेवा. ते बाहेर पडताना गेटवर दाखवावं लागतं आणि नेमकं तेव्हाच ते कुठल्या तरी बॅगेच्या तळाशी असतं. सामान मागची काच झाकेल इतकं वर येऊ देऊ नका. डिकीत मावत नसेल तर मऊ बॅगा पायाशी जातील, पण खिडक्या मोकळ्या हव्यात. नाश्ता डब्यात. थर्मासात चहा. खाण्याच्या पिशव्या व्हरांड्यात ठेवून 'एक मिनिट' आत जाऊ नका, तिथली माकडं आणि बबून त्या मिनिटाचीच वाट बघत असतात.

मेमध्ये कॅम्पचं गेट सहाला उघडतं. (वेळा महिन्यानुसार बदलतात. नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पची गेटं साडेचारलाच उघडतात. मुक्कामाच्या महिन्याची वेळ रिसेप्शनवर लिहिलेली असते.) सूर्योदय सव्वासहा ते साडेसहाच्या मध्ये. म्हणजे सहाला झुंजूमुंजू असतं आणि तो अर्धा तास सोन्याचा. पावणेसहाला गाडी गेटच्या रांगेत लावा. गारठा चांगलाच असतो, पोरांना स्वेटर-टोपी घाला, कारण खिडक्या उघड्या ठेवायच्या आहेत. पहाटेची निम्मी सफारी कानांनी होते.

गेटमधून एच४-१ या डांबरी रस्त्याला लागा. हा साबी नदीच्या दक्षिण काठाने स्कुकुझाला जातो, एकूण ४६ किलोमीटर. बिबट्यासाठी क्रुगरमध्ये याच रस्त्याचं नाव घेतात आणि त्याला कारण आहे. नदीकाठी दाट झाडी, उंबराच्या जातीची आणि आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली मोठी झाडं, त्यांना जाड आडव्या फांद्या, खाली पाण्यावर येणारे इंपाला हरणांचे कळप. बिबट्याला लागतं ते सगळं एका पट्ट्यात आहे. पण त्याचबरोबर क्रुगरमधली सगळ्यात जास्त गर्दीही इथेच. आठनंतर स्कुकुझाकडून येणाऱ्या गाड्या वाढतात आणि एक बिबट्या दिसला की वीस गाड्या अडकून पडतात. म्हणून इथे पहिला तासच.

बसण्याची जागा विचार करून ठरवा. लोअर साबीहून जाताना नदी उजव्या हाताला राहते. तिथे स्टिअरिंगही उजवीकडेच, त्यामुळे नदीची बाजू चालवणाऱ्याला आणि त्याच्या मागे बसलेल्याला मिळते. ज्याची नजर तीक्ष्ण आणि हातात दुर्बीण, तो चालकाच्या मागे. परतताना उलट होतं. आणखी एक गोष्ट म्हणजे जाताना तुम्ही पश्चिमेकडे निघालेले असता, ऊन पाठीवर, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. परतताना कोवळं ऊन थेट काचेवर येतं आणि काचेच्या आतल्या बाजूला धुळीचा पातळ थर असेल तर समोर पांढरा पडदाच धरल्यासारखं होतं. आदल्या दिवशी काच आतून पुसायला सांगितली ती यासाठी. त्या उन्हात रस्त्यावर आडवं आलेलं जनावर अगदी शेवटच्या क्षणी दिसतं.

डांबरी रस्त्यावर मर्यादा ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. बघायचं असेल तर २५ पुरे. आणि झाडीकडे बघू नका, झाडीच्या आत बघा. एकदम अख्खा बिबट्या दिसत नाही. फांदीखाली सरळ लोंबणारी शेपूट दिसते, किंवा फांदीवर एक फुगवटा दिसतो जो झाडाचा वाटत नाही. रस्त्याच्या कडेला चालणारा बिबट्या मात्र पहाटेच सापडतो, कारण दव पडलेल्या गवतातून जाण्यापेक्षा त्यालाही मोकळा रस्ता सोयीचा.

ताडोबा-पेंचला गेलेल्यांना 'कॉल'ची, म्हणजे जनावरांच्या धोक्याच्या हाकेची, सवय असते. इथे चितळ-सांबर नाहीत, इंपाला आहे, आणि मे महिन्यात इंपाला फसवतो. हा त्यांचा माजाचा काळ. नर एकमेकांच्या मागे धावत घशातून खरखरीत डुरकतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज एखाद्या मोठ्या मांसाहारी जनावराचाच वाटतो. लोक दहा-दहा मिनिटं झुडपात शोधत बसतात. धोक्याचा आवाज वेगळा असतो. नाकातून जोरात सोडलेली एकच फुस्स, आणि ती सोडणारा इंपाला पळत नाही, खिळून उभा राहतो. कळपातल्या बऱ्याच माना एकाच दिशेला वळल्या असतील तर इंजिन बंद करा आणि त्या माना जिकडे वळल्यात तिकडे बघा, इंपालाकडे नको. जिराफ टक लावून बघत असेल तर त्याहून उत्तम, त्याला वरून आपल्यापेक्षा पुष्कळ दिसतं. झाडावरून व्हर्व्हेट माकडं खाली बघत सतत खेकसत असतील, तर थांबायलाच हवं. बिबट्या स्वतः बोलला तर करवत ओढल्यासारखा आवाज येतो, पुढे-मागे, पुढे-मागे. एकदा ऐकला की दुसऱ्या कशाशी घोळ होत नाही. माजातले नर एकमेकांत गुंतलेले असल्याने ते शिकाऱ्यांच्या हाती सहज लागतात, हे मात्र तुमच्या पथ्यावर पडणारं आहे.

पावणेसातला वळा. किती किलोमीटर झाले ते बघू नका, वेळ बघा. 'पुढच्या वळणापर्यंत' असं म्हणत गेलेली माणसं न्कुहलूच्या पिकनिक स्पॉटवर पोहोचतात आणि मग परतीचं गणित कोलमडतं. कुणी म्हणेल, तसंच पुढे स्कुकुझाला जाऊन पॉल क्रुगर गेटने बाहेर पडलं तर? बिबट्याच्या रस्त्यावर अख्खी सकाळ मिळेल. जमतं, पण मला तो सौदा पटत नाही. त्या गेटबाहेर हेझीव्ह्यू गावापर्यंत वस्त्या, गतिरोधक, रस्त्यावर माणसं आणि गुरं. वेळ खूप खातो आणि सकाळभर शांत झालेलं डोकं तासाभरात तापतं. नुंबी गेटकडचा रस्ता तर शक्यतो टाळाच. तिथे २०२२ मध्ये लुटीच्या प्रयत्नात एका जर्मन पर्यटकाचा गोळी लागून मृत्यू झाला होता. तुमच्यासाठी क्रोकोडाइल ब्रिजच सोयीचं.

साडेसातच्या आत तुम्ही पुन्हा लोअर साबीजवळ असाल. कॅम्पच्या अगदी अलीकडे रस्त्याला लागून सनसेट डॅम आहे. गाडी पाण्याच्या काठापर्यंत नेता येते. थर्मास इथे उघडा, गाडीतच बसून. काठावर मगरी, पाण्यात पाणघोडे, त्यांच्या पाठीवर उभे राहून मासे टिपणारे बगळे. नाव सनसेट असलं तरी मला हे तळं सकाळीच आवडतं, कारण संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. पंधरा मिनिटं, फार तर वीस. मग कॅम्पमध्ये शिरून सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं. पोरांना 'आत्ता नाहीये' म्हणू देऊ नका. पुढे गेटपर्यंत गाडीतून उतरता येणार नाही.

इथून गेटपर्यंत एच४-२ हा डांबरी रस्ता, साधारण ३४ किलोमीटर. त्याच्या पूर्वेला जवळजवळ समांतर जाणारा एस२८, न्हलोवा रोड, मातीचा. पाऊस नसेल तर साध्या गाडीलाही तो चालतो आणि माझं मत त्यालाच. क्रुगरचा पूर्वेकडचा पट्टा बेसॉल्टच्या काळ्या मातीचा आहे, गवत चांगलं, झाडं विरळ, पलीकडे लेबोम्बोच्या टेकड्या. झेब्रे आणि विल्डबीस्ट मोकळ्यावर चरतात, नजर लांब पोहोचते. बिबट्याच्या नादात लोक विसरतात की चित्ता पाहायला क्रुगरच्या दक्षिण भागात हा चांगला रस्ता आहे. चित्ता दिवसा शिकार करतो, त्यामुळे आठ-नऊ वाजता तुम्हाला उशीर झालेला नसतो. वारुळांचे माथे दुर्बिणीतून एकेक करून तपासा, टेहळणीला तो तिथे चढतो. इथे गेंडे दिसले तर फोटोतलं लोकेशन बंद ठेवा आणि जागा कुणाला कळवू नका. शिकारी टोळ्यांमुळे कॅम्पमधल्या साइटिंगच्या फळ्यावरही गेंड्याची जागा दाखवत नाहीत.

गिधाडांचं एक सांगतो. सकाळी आठला झाडावर गिधाडं बसलेली दिसली म्हणून तिथे शिकार असेलच असं नाही. रात्रीच्या मुक्कामाची असतील. जमीन तापून हवा वर चढायला लागेपर्यंत ती उडायचं टाळतात. पण नऊनंतर एकामागून एक गिधाडं पाय खाली सोडून एकाच जागी उतरताना दिसली, तर खाली काहीतरी आहे. डांबरी रस्त्यावर असाल तर रस्त्याखालून पाणी जायला टाकलेल्या मोठ्या नळांकडेही लक्ष ठेवा. ठिपकेदार तरस पुष्कळदा त्यात पिल्लं वाढवतात आणि सकाळच्या उन्हाला पिल्लं तोंडाशी येऊन बसतात.

या टप्प्यावर माझी खरी काळजी हत्तींची असते. पहिल्या दिवशी हत्ती दिसला की लोक शंभर मीटरवर थांबतात. शेवटच्या दिवशी भीड चेपलेली असते, वर विमानाची घाई. रस्ता ओलांडणाऱ्या कळपाच्या फटीतून गाडी काढायचा मोह तेव्हाच होतो. एक मादी गेली, मागे काही दिसत नाही, चला निघू, आणि तेवढ्यात झुडपातून पिल्लू येतं. तुम्ही आई आणि पिल्लाच्या मध्ये. असं कधीही करू नका. कळप गेला असं वाटल्यावरही थांबा, शेवटचा हत्ती बहुधा त्यानंतरच येतो. एकटा नर समोरून रस्त्यानेच चालत येत असेल तर त्याचे गाल बघा. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ आलेला, मागचे पाय मुताने सतत ओले, म्हणजे तो मस्तीत, माजावर आहे. त्याच्याशी वाटाघाटी नाहीत. हॉर्न नाही, लाइट मारणं नाही, हळूहळू रिव्हर्स घ्या, आणि तो रस्ता सोडून आत जाईपर्यंत मागे जात राहा. यात वीस मिनिटं गेली तर गेली. उलट्या हिशेबात एक तास राखून ठेवलाय तो यासाठीच.

पुढच्या गाडीला चिकटून थांबायचं नाही, हेही याच कारणाने. मागे यायला जागा हवी. टायर पंक्चर झालं तरी लगेच उतरू नका. हळूहळू मोकळ्या जागेपर्यंत न्या, येणाऱ्या गाडीला थांबवा, परमिटवर पार्कचा तातडीचा नंबर असतो त्यावर फोन करा. वेगाच्या बाबतीत पार्क कडक आहे. गेटकडे धावणाऱ्यांसाठी कॅमेरे लावलेले असतात आणि दंडाची पावती होते. ३४ किलोमीटरला पन्नासच्या वेगानेही चाळीस मिनिटं लागतात. दहाला 'आता पोहोचतो' म्हणून निघालेला माणूस नियम न मोडता साडेदहाला गेटवर पोहोचू शकत नाही.

आणि समजा साडेनऊला, गेटपासून दहा किलोमीटरवर, खरंच बिबट्या दिसला तर? थांबा. इंजिन बंद, हात आत, पोरं खिडकीत बसलेली नकोत, सनरूफमधून डोकं बाहेर नको. तो पंधरा मिनिटांत उठून गेला तर छानच. झोपला असेल तर झोपलेल्या बिबट्यापाशी तासभर बसण्यात काही नाही, तो दुपारपर्यंत तसाच राहू शकतो. दहाला निघा. सगळ्यांत वाईट असतो तो 'थोडा वेळ अजून'चा खेळ, ज्यात बिबट्याही नीट बघितला जात नाही आणि नजर सारखी घड्याळाकडे.

गेटवर परमिट द्या, डिकी उघडायला सांगितली तर उघडा. पिसं, साळिंदराचे काटे, हाडं, शेंगा, काहीही उचललेलं नसावं. पोरांचे खिसे आदल्या रात्रीच रिकामे करा. गेटबाहेर लगेच क्रोकोडाइल नदीवरचा बुटका पूल लागतो. मोठ्या पुरात तो पाण्याखाली जातो, म्हणून पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर ते मार्चमध्ये, आदल्या दिवशी चौकशी करूनच हे गेट निवडायचं. मेमध्ये ती चिंता सहसा नाही. पुलापलीकडे उसाची शेतं सुरू होतात, मग कोमाटीपोर्टपाशी एन४ हायवे.

हायवेवर पहिला अर्धा तास जपून. चार-पाच दिवस चाळीस-पन्नासने चालवलेल्या माणसाला एकशेवीसचा अंदाज लगेच येत नाही, आणि हा मोझांबिकमधल्या मापुटो बंदराचा रस्ता आहे, मालाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा असतात. न्कोमाझी, मशाडो, मिडलबर्ग हे टोलनाके लागतील. कार्ड चालतं, तरी थोडे सुटे रँड (तिथलं चलन) वर काढून ठेवा. मागच्या सीटवर सगळे झोपतील. पहाटे साडेचारला उठलेल्या चालकालाही झोप येते. दोघांकडे परवाना असेल आणि भाडेकरारात दोघांची नावं असतील, तर पहाटे ज्याने गाडी चालवली त्याने हायवेला चालवू नये.

मलेरियाच्या गोळ्या त्या सकाळीही घ्यायच्या आणि नंतरही. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर तो भाग सोडल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे, असा सर्वसाधारण कोर्स असतो. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय तसा पूर्ण करा. घरी परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत कुणालाही ताप आला, तर साधा व्हायरल समजून अंगावर काढू नका. रक्त तपासून घ्या, आणि आफ्रिकेत जाऊन आलोय हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपणहून सांगा.